वाघाच्या तोंडातला बार

चिंचवडच्या पुढे मुंबई रस्त्याला लागून हिंदुरावांनी बाग काढली आणि तिला नाव दिलं 'वनराई'. झाडं त्यात नावालाच होती. त्यांची जमीन कारखान्यासाठी गेली, मोबदला हातात आला, आणि मुंबईत कुठलीशी बाग पाहून आल्यावर आपल्याकडेही तसंच काहीतरी पाहिजे असं त्यांना वाटू लागलं. मग सिमेंटचे प्राणी उभे राहिले. जिराफाची मान अर्ध्यावरच संपली होती, त्यामुळे तो लांब पायांच्या बोकडासारखा दिसे. एक छोटी आगगाडीही होती. तिच्या शेजारून चालणारं पोर तिच्याआधी पोचायचं.

बागेच्या टोकाला गुहा होती. गुहा म्हणजे परमिट रूम. सिमेंटच्या वाघाच्या उघड्या जबड्यातून आत शिरायचं, आत छतावरून सुळके लोंबलेले, लाल-हिरवे दिवे लागलेले. त्या अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या काळात कारखान्यांतली माणसं या गुहेवर जीव टाकत. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असायची. बायका-पोरांना गवतावर बसवून, हातात भेळेचा पुडा देऊन नवरे वाघाच्या तोंडात जात.

आगगाडीची तिकिटं देणारी कस्तुरा हे रोज बघत होती. तिचा नवरा भिवा फाउंड्रीत होता. दोघं उस्मानाबादकडच्या एका गावातल्या बौद्धवाड्यातले. बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडलं आणि काळेवाडीत पत्र्याची खोली घेऊन राहिले. कस्तुराच्या जिभेला धार होती. जबड्यातून आत जाणाऱ्या माणसांकडे बघून ती म्हणायची, "वाघ बी कंटाळला आसंल. रोज त्येच त्येच खायचं."

भिवाही गुरुवारी तिच्या खिडकीसमोरूनच आत जायचा. आधी मान खाली घालून जायचा, पुढे पुढे सरळ जायला लागला.

"काय हाय त्या भोकात?" एकदा तिनं घरी विचारलं.

"तुला न्हाई कळायचं. तिथं बसलं की बरं वाटतं."

"बरं वाटाया दवाखाना हाय की."

भिवा गप्प बसला. गप्प बसणं हा त्याचा मोठा गुण होता. कस्तुराला हा गुण मुळीच आवडत नसे.

एका सकाळी गुहा झाडणारा माणूस आला नाही, म्हणून हिंदुरावांनी कस्तुराला आत पाठवलं. गुहा तिनं पहिल्यांदाच आतून पाहिली, तीही दिव्यांशिवाय. सुळक्यांचा रंग पोपडे धरून गळत होता. टेबलांना ओशट वास, कोपऱ्यात झुरळं, आणि मागच्या भिंतीवर कुणा चित्रकारानं काढलेला धबधबा. तो वरून खाली पडतोय की खालून वर चढतोय तेच कळत नव्हतं. तिथला वेटर दत्तोबा ग्लास विसळत होता. हा हिंदुराव पाटलांच्या भावकीतला, इथल्याच मूळ गावातला.

"दत्तोबा, खरं सांगा. हितल्या दारूत काय येगळं आसतं?"

"काय न्हाई. स्टेशनाजवळ मिळती तीच. हितं बरफ जरा जास्ती टाकतो आमी."

म्हणजे दारूही तीच. कस्तुराला नवऱ्याची कीवच आली. अशा खुराड्यात येऊन बसायला माणसाची अक्कल किती गहाण पडलेली असली पाहिजे.

पण मग येतात कशाला, हे काही तिच्या डोक्यातून जाईना. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी खिडकी बंद केल्यावर तिनं तोंड धुतलं, केस सारखे केले आणि सरळ वाघाच्या तोंडातून आत गेली. पहिल्याच रिकाम्या टेबलाशी बसली.

एकानं उचललेला ग्लास तसाच धरून ठेवला. कोपऱ्यातल्या खांबामागे भिवानं अंग चोरून घेतलं, पण खांब बारीक आणि भिवा रुंद.

दत्तोबा गोंधळला. पण हाताला सवय होती. त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं ग्लास पुसला, तिच्यापुढे ठेवला, पाणी ओतलं आणि जरा वाकून विचारलं, "काय घेणार, बाई?"

कस्तुराला उत्तर सुचेना. रेशनच्या दुकानात जे देतील ते घ्यायचं. घरी इतरांना काय हवं ते तिनं विचारायचं. तिला काय हवंय, हे आजवर कुणी असं थांबून विचारलं नव्हतं.

"सोडा," ती शेवटी म्हणाली. "लिंबू पिळून."

भिवा उठून आला. "चल घरी. लोक बघत्यात."

"बघू दे. माझा सोडा यायचाय."

तेवढ्यात हिंदुराव आले. पांढरे कपडे, बोटात अंगठ्या, चेहऱ्यावर आपण काहीतरी उभारलंय याचं समाधान. तिला बघून ते समाधान उतरलं.

"बाई, ही बायकांनी बसायची जागा न्हाई."

"फाटकावर 'सहकुटुंब या' आसं लिवलंय."

"ते बागंसाठी."

"मग गुहा काय बागंच्या भायेर हाय?"

हिंदुरावांना जिराफाच्या मानेचा हिशोब जमला नव्हता, त्यांना हा कुठून जमणार? ते दत्तोबावर ओरडून निघून गेले. कस्तुरानं सोडा संपवला, पैसे दिले आणि नवऱ्याला घेऊन बाहेर पडली.

काळेवाडीपर्यंत दोघं चालत आले. वाटेत भिवा आपण होऊन बोलला.

"गावाकडं हाटेलात आपल्या कपबशा येगळ्या, भायेर ठेवलेल्या. आपणच घ्यायच्या, आपणच धुवून ठेवायच्या. च्या वरनं वतायचा हाटेलवाला. ध्यानात हाय न्हवं?"

"हाय."

"हितं दत्तोबा, पाटलाच्या भावकीतला माणूस. माझ्यापुढं गिलास पुसून ठिवतो. काय घेणार साहेब, म्हणतो."

कस्तुरालाही तो पुसलेला ग्लास आठवत होता. मग म्हणाली, "त्यो सोड्याला बी गिलास पुसूनच ठिवतो. त्याच्यापायी दारूनं काळीज कशाला जाळतोस?"

भिवानं दारू लगेच सोडली नाही. कमी केली, तीही कुरकुरत.

दुसऱ्या दिवशी हिंदुरावांनी तिला कामावरून काढलं. महिनाभरानं तिला चिंचवडच्या एका छोट्या वर्कशॉपात कॉइल गुंडाळायचं काम मिळालं, तिकिटाच्या खिडकीपेक्षा बरं. आता ती नोकर नव्हती, गिऱ्हाईक होती. दर गुरुवारी भिवाबरोबर जाऊन ती त्याच टेबलाशी बसू लागली. गवतावर बसणाऱ्या बायकांनी ते पाहिलं आणि भेळेचे पुडे घेऊन एकेक जण आत यायला लागली. नवऱ्यांची तोंडं कडू झाली. हिंदुरावांनी आधी कपाळाला हात लावला, मग गल्ला मोजला आणि गुहेच्या एका कोपऱ्यात फुलाफुलांचा पडदा लावून 'फॅमिली विभाग' काढला. तिथं सोडा महाग होता. कस्तुरा त्या पडद्याआड एकदाही बसली नाही. "पडद्यात बसायचं तर घरला मोरी हाय," म्हणाली.

शेजारच्या शालनबाईनं तिला एकदा विचारलं, "येवढं काय हाय गं तिथं? जाण्यासारखं हाय का?"

"जागा भंगार हाय," कस्तुरा म्हणाली. "वाघाचा एक दात पडलाय, आन् गिऱ्हाईक सगळं येडं. पण जाऊन ये. टेबलाशी बस, आन् दत्तोबा इचारंल तवा लगेच सांगू नको. थोडा वेळ हुबा राहू दे त्येला."

शालनबाई गेली. परत आल्यावर म्हणाली, "सोडा कोमट हुता."

"सोडा कोमटच आसतो," कस्तुरा म्हणाली. "हुबा राहिला का त्यो?"

"राहिला की. मला काय सुचंचना."