अल खौदच्या लग्नात मी बंदूक हाती का घेतली नाही

गेल्या शुक्रवारी मस्कतजवळच्या अल खौद येथे माझ्यामुळे एका लग्नातला नाच थांबला. ढोल वाजवणारेही थांबले... आणि सारी मंडळी माझ्या हातांकडे पाहू लागली. ते मी पाठीमागे बांधून घेतले होते.

अपरिचितांसाठी सांगतो. मी चौथी उत्तीर्ण आहे, आणि ती जुनी चौथी. कोकणात माझी आंबा-काजूची बाग आहे व शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एक ठासणीची बंदूक आहे. सध्या मुक्काम मस्कतला, चिरंजीव प्रशांत याच्याकडे.

लग्न होते प्रशांतचे घरमालक हमूद यांच्या मुलाचे. हमूद खालच्या मजल्यावर राहतात, हिंदी उत्तम बोलतात. त्याच महिन्यात प्रशांतच्या घराचा करार संपत होता आणि मुलांची शाळा तेथून जवळ... त्यामुळे निघताना चिरंजीवांनी मला तीनदा बजावले, "बाबा, तिकडे जे देतील ते घ्यायचं. नाही म्हणायचं नाही."

मी खजूर घेतला. कडू कॉफीही घेतली, दोनदा.

मग मैदानात पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहिल्या. कोणाच्या हाती काठी, कोणाच्या हाती तलवार, तर कोणाकडे जुन्या, चांदीच्या पट्ट्या लावलेल्या बंदुका. इकडे पाहुण्याचा मान करायचा म्हणजे त्याला आपल्या रांगेत घ्यायचे आणि हाती घरातली बंदूक द्यायची. हमूद स्वतःच्या आजोबांची बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरून माझ्यासमोर आले... आणि मी हात मागे घेतले.

"बाबा, घ्या!" प्रशांत माझ्या कानाशी पुटपुटला.

"परवाना कोणाच्या नावे आहे?"

"बाबा, हे आपलं गाव नाही! अर्बाब आहेत ते, घरमालक!"

"घरमालक घराचे. बंदुकीचे विचारतो आहे मी."

हमूद यांना वाटले, मी घाबरलो. "चाचा, डरो मत. गोली नहीं है, खलास, बहुत पुरानी है."

या 'डरो मत' ने मात्र माझा पारा चढला. चाळीस वर्षे रानडुकरे हाकली आहेत मी! समोर किमान वीस मोबाईल उंचावलेले होते आणि प्रत्येकात माझा फोटो निघत होता... तोच तर मुद्दा होता.

मी माझ्या हिंदीत खुलासा केला. आमच्या तालुक्यात परवानाधारक शेतकऱ्यांची संघटना आहे. तिच्या एका सभासदाने मेहुण्याच्या वरातीत, केवळ फोटोसाठी, आपली बंदूक मेहुण्याच्या हाती दिली. फोटो गावभर फिरला, बंदूक जप्त झाली, आणि ऐन काजूच्या हंगामात तो बिचारा डबा बडवून माकडे हाकत बसला. माकडांनाही ते आवडले असावे, कारण ती रोज येऊ लागली.

तो एकटा ठाण्यात जाई तेव्हा त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवत. संघटनेचे आम्ही बाराजण मिळून गेलो, तेव्हा साहेबांनी आत बोलावून ऐकून घेतले. बंदूक परत मिळाली. परंतु आल्यावर सभेत मीच ठराव मांडला, की कोणत्याही सभासदाने आपली बंदूक दुसऱ्याच्या हाती देऊ नये आणि दुसऱ्याची आपल्या हाती घेऊ नये. ठराव एकमताने मंजूर झाला.

"यह कानून सरकार ने बनाया?" हमूद यांनी विचारले.

"नहीं. हम लोगों ने, खुद के लिए."

"खुद को क्यों बाँधा?"

मी म्हणालो, परवाना एकाच्या नावे असतो, पण त्याने वेडेपणा केला की संशय सगळ्यांवर येतो. निवडणूक आली की आमच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. रानडुकरांना आचारसंहिता लागू नसते, हे साहेबांना संघटनाच समजावून सांगते. उद्या त्या संघटनेचा माणूस परदेशात परक्याची बंदूक घेऊन नाचताना मोबाईलवर दिसला, तर साहेब आमचे कशाला ऐकतील?

प्रशांतचा चेहरा मी पाहिला... तो मनातल्या मनात सामान बांधत होता.

मग हमूद मागे वळले आणि माझे म्हणणे सर्वांना अरबीत मोठ्याने सांगू लागले. माकडांपर्यंत येताच हशा उसळला. त्यांचे पांढऱ्या दाढीचे काका तर डोळे पुसू लागले. हसू आवरल्यावर काकांनी सांगितले, की त्यांच्या तरुणपणी एका लग्नात कोणा उत्साही पाहुण्याच्या हातून गोळी सुटली ती थेट नवरदेवाच्या पाण्याच्या टाकीत गेली, आणि वऱ्हाडाला दोन दिवस आंघोळ मिळाली नाही. "चाचा का कानून अच्छा है," हमूद यांनी भाषांतर करता करता आपलेही मत जोडले.

त्यांनी बंदूक काकांकडे दिली, त्यांच्या हातातली वेताची काठी घेतली आणि माझ्यापुढे धरली. "इसको लायसन नहीं लगता. यल्ला, चाचा!"

मी काठी घेतली. स्वतःच्या वरातीतही न नाचलेला मी, त्या रांगेत दोन पावले पुढे आणि दोन मागे गेलो. ताल चुकला असेल, परंतु पाठ ताठ होती.

घराचा करार सोमवारी झाला. प्रशांत माझ्याशी बुधवारी बोलला.

आमच्या गावची तरुण मुले विचारतात, "अण्णा, आपली बंदूक, आपला परवाना... मग संघटना कशाला?" त्यांना आजवर मी ठाण्याच्या, नूतनीकरणाच्या गोष्टी सांगत आलो. आता एवढेच सांगेन. परमुलखात, सगळ्यांच्या नजरा रोखलेल्या असताना, मुलगा विनवीत असताना मला ठामपणे 'नाही' म्हणता आले... कारण ते 'नाही' माझ्या एकट्याचे नव्हते. सर्व सभासद बंधूंचा मी आभारी आहे.