नागवाल्या काकूंचा गुलाबी

नागवाल्या काकू रंगाच्या बाबतीत खोटं बोलत नसत. बाकी सगळ्या बाबतीत बोलत. वय दरवर्षी कमी सांगत, वस्तीत भांडण लावून स्वतःच सोडवायला जात. पण नागपंचमीला दारोदार नाग काढताना गेरू कुठला, डिंक कुठल्या बाभळीचा, हे ऐकवल्याशिवाय काडी भिंतीला लावत नसत. ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी बाजारातला छापील नाग चिकटवावा.

सुरतेत पर्वत पाटियाच्या आमच्या खानदेशी वस्तीमागून कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलचा नाला जातो, रोज वेगळ्या रंगाचा. त्या घाणीविरुद्ध मी पत्रकं काढायचे; लोक त्या पत्रकांत फाफडा बांधून न्यायचे. काकूंनी एक दिवस नाल्यात डबा बुडवला. "आज गुलाबी शे," म्हणाल्या. मग गेरूचं करतात तेच सगळं केलं: पाणी निवळू दिलं, गाळ फडक्यातून गाळला, डिंकात घोटला. शेणामातीनं सारवलेल्या कापडावर, चावून मऊ केलेल्या काडीनं, मिलच्या पाइपातून बाहेर येणारा भला मोठा नाग काढला.

शहरातल्या एका गॅलरीनं तो नव्या कलेच्या प्रदर्शनात लावला. रंग कुठला, हे मी छापून वाटणार होते. काकूंनी दम दिला, "मना पोऱ्या त्याच मिलमा शे. तू तोंड उघडू नको." भूषण तिथे मशीनवर होता आणि घरात तेवढाच एक पगार. पत्रकं पिशवीत ठेवून मी धुमसत उभी राहिले.

उद्घाटनाला मिलचे शेठच पाहुणे. नाल्याचा मालक कलेचा आश्रयदाता असतो, हे आपल्याकडे कुणाला खटकत नाही. नाग त्यांना आवडला, ऑफिसात लावायचा म्हणाले.

"वारली है ना? पिंक बहुत अच्छा है. कहाँ से लाते हो?"

काकूंनी पदर नीट केला. "आपकी मिल के नाले का है, शेठ. मंगलवार का."

शेठ हसले. मग हसायचे थांबले. चित्र संध्याकाळी उतरून घरी आलं आणि भूषणला दुसऱ्या दिवशी गेटवरच अडवलं. कारण कळवलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

"काकू, सांगायचं नव्हतं ना?"

"त्यानी रंगनं इचारं. मंग काय सांगू?"

भूषण आईशी बोलेना. शहराबाहेर कडोदऱ्याला लूमवर काम मिळालं, खोली सोडली, सामान टेम्पोत चढवलं, तरी बोलेना. काकू ड्रायव्हरशेजारी बसून समोर बघत राहिल्या. शेवटी भूषणनं गुंडाळलेलं चित्र उलगडलं आणि टेम्पोच्या पाठीमागे, नागाचं तोंड रस्त्याकडे करून, सुतळीनं घट्ट बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली.

टेम्पो मिलच्या गेटसमोरच्या सिग्नलला थांबला. शिफ्ट सुटत होती.