मिशिगनच्या पैजेचा चहा

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काय केलं म्हणाल, तर शेंगा फोडल्या आणि टीव्हीवर अमेरिकेचं इलेक्शन बघितलं. दुसरं काही नाही. त्या दिवशी काही होणार आहे असं कुणाच्या मनात नव्हतं. तिच्या तर नव्हतंच, कारण तिनं दुसऱ्या दिवशीच्या चहाची पैज लावली होती.

दिवाळी नुकतीच झाली होती. आमची वस्ती म्हसवडच्या पुढं, माळावर. म्हसवडला नाथाचं नवरात्र सुरू होतं. ते उभ्याचं नवरात्र. पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत माणसं उभीच राहतात, खाली बसत नाहीत. माझी बायको एका साली अशी उभी राहिली होती, पोराला अमेरिकेचा व्हिसा मिळावा म्हणून. पाय खांबासारखे सुजले. व्हिसा मिळाला. पुढं ती मला म्हणायची, "उभी मी ऱ्हायले आन गेलं त्येच. असला नवस कुणी करतं व्हय?" तिला हसू यायचं म्हणताना. पण ते हसू काही खरं नव्हतं.

टीव्ही आतल्या खोलीत. आम्ही दार उघडं ठेवून बाहेर उन्हाला बसलो होतो, मधे सुपात शेंगा. टीव्हीवर अमेरिकेचा नकाशा. एकेक राज्य मोजून झालं की रंगायचं. एका माणसाचा रंग लाल, समोरच्या बाईचा निळा. मोजायचं राहिलेलं राज्य राखाडी. मी चौथीपर्यंत शिकलेला, ती तेवढीही नाही. पण आमचं राज्य कुठलं ते आम्हाला वाचावं लागत नव्हतं. मिशिगन म्हणजे हाताचा पंजा.

हे पोरानंच शिकवलं होतं. मोबाईलवर दिसताना एकदा त्यानं उजवा पंजा समोर धरला, अंगठ्याच्या बुडाशी बोट ठेवलं आणि म्हणाला, "आई, हे आमचं राज्य. आन मी हितं ऱ्हातो." तिथली माणसंसुद्धा असाच हात दाखवून गाव सांगतात म्हणे. पंजाच्या तिन्ही अंगांना पाणी, समुद्राएवढी तळी. ती म्हणाली, "एवढं पानी? आन आपलं माणदेशचं पोरगं, त्याला तांब्याभर पान्यात आंघुळ उरकायची सवय." ती स्वतः आष्ट्याची, बारमाही उसाच्या गावची. आमच्या कोरड्या माळावर नांदायला आली, म्हणून पाण्यावर बोलायचा हक्क ती सोडत नव्हती. त्या दिवसापासून तिला एक खोड लागली. पोराची आठवण आली की उजव्या तळहाताचं अंगठ्याखालचं मांस दाबत बसायची. बघणाऱ्याला वाटावं, हात दुखतोय.

तर ती त्या पंजावर डोळा ठेवून होती, आणि तिला तो लाल व्हायला पाहिजे होता.

त्याचं असं झालं. पोरगं तिथं मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. राहून लय वर्षं झाली, पण अजून कामाच्या कागदावरच आहे. त्याला तिथं मत नाही. इथं आमच्या यादीत त्याचं नाव आहे, पण इथं तो नाही. दिवाळीच्या आधी तो फोनवर म्हणाला, "आई, ह्यो लालवाला निवडून आला तर आमच्यासारख्यांचं कागद अवघड हाईत. कुणास ठाऊक, परत यावं लागंल." तो काळजीनं बोलला. हिनं मात्र तेवढंच धरलं. परत यावं लागंल. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "आता लालच येऊ दे." मी म्हणालो, "अगं, पोराचं घर हाय तिथं. पोरगी साळंत जाती. त्याचं वाटोळं मागतीस?" तर म्हणाली, "वाटोळं कशाला? आपल्याकडं घर न्हाई का? साळा न्हाई?"

मी त्यानं तिथंच राहावं ह्या बाजूचा. मी स्वतः अर्धं आयुष्य मुंबईत हमाली केली. पोट भरतं तिथं माणसानं राहावं, एवढं मला कळतं. मागं राहणाऱ्याला काय होतं ते तिला कळत होतं. त्यामुळं ह्या इलेक्शनला आमच्या घरात दोन पार्ट्या झाल्या होत्या.

दुपारी शेजारचा फौजी आला. मिलिटरीतून रिटायर झालेला, सगळं ठाऊक असल्यासारखा बोलतो. सुपातल्या मूठभर शेंगा उचलल्या आणि म्हणाला, "वहिनी, झालं की. लालवाला आला निवडून. आता काय बघताय?"

"आमच्या पोराचा पंजा अजून राखाडी हाय, भावजी."

"असू दे की. राष्ट्रपती झाला म्हंजे सगळ्या देशाचा झाला."

"व्हय? मग आपल्या सरपंचानं आपल्या वार्डात गटार का केली न्हाई? सगळ्या गावाचाच सरपंच हाय की त्यो."

"ती गोष्ट येगळी, वहिनी."

"कशी येगळी? आपल्या वार्डानं त्याला मतं दिली न्हाईत म्हणून गटार न्हाई. पोराच्या वार्डानं दिली पायजेत. तरच त्या लालवाल्याचं तिथं चालंल, आन मग माझं पोरगं घरी येईल."

फौजी माझ्याकडं बघून म्हणाला, "गड्या, हिला इलेक्शनला उभी कर." तिचं चुकत असावं एवढं मला वाटत होतं, पण कुठं चुकतंय ते मलाही धड सांगता आलं नसतं. आमची सगळी इलेक्शनं वार्डाचीच. वार्डात कोण आला त्यावर नळाला पाणी आणि खांबाला दिवा.

फौजी गेल्यावर ती म्हणाली, "लावा पैज. लाल झालं तर उद्याचा चहा तुमी करायचा."

"आन निळं झालं तर?"

"तर मी करीन."

"ते तर तू रोजच करतीस."

"मग तुमचं काय जातंय? लावा की."

लावली. शेंगा फोडत राहिलो. मी दाणे तोंडात टाकायला लागलो की हातावर चापट बसायची. "आवं, चटणीला ठेवा की थोडं."

दिवस कलायला लागला तशी ती शेरडांना पाणी दाखवायला उठली. जाताना म्हणाली, "रंगलं तर हाक मारा." थोड्या वेळानं टीव्हीवर पुन्हा नकाशा आला. पंजा राखाडीच होता, तरी मी तिला उगीच हाक मारली. ओ आली नाही. शेरडं ओरडायला लागली म्हणून उठून गेलो. गोठ्याच्या कुडाला पाठ लावून बसली होती. बादली शेजारी सरळ उभी, पाणी सांडलेलं नाही. मला आधी वाटलं, दमून बसली. खांद्याला हात लावला तर मान एका बाजूला गेली. डॉक्टर आला, त्यानं सांगितलं ते मला आधीच कळलं होतं.

बाकीचं काय सांगायचं. माणसं जमली. पोराला फोन लागला. सगळ्यांनी विचारलं, थांबायचं का? त्याला यायला दोन दिवस तरी लागणार होते. भावकीनं ठरवलं, थांबायचं नाही. त्याच रात्री अग्नी मीच दिला. कुणीतरी मोबाईल वर धरून पोराला दाखवत होतं. मी तिकडं बघितलं नाही.

परत घरी आलो तर पोराचा पुन्हा फोन. रडून रडून आवाज बसलेला. म्हणाला, "आबा, येऊ का? तुमी सांगा." त्याच्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली होती. तिथं राहायला अडचण नाही, पण इकडं आला तर नवा शिक्का मिळाल्याशिवाय परत जाता येत नाही, आणि तो कधी मिळेल, मिळेल का नाही, कुणी सांगत नाही. बायकोपोरगी तिकडं, हा इकडं अडकला तर नोकरी जायची. हे सगळं मला ठाऊक होतं. "येऊ नको" एवढंच म्हणायचं होतं. मी आयुष्यभर तेच म्हणत आलो होतो. पण तोंडातून निघेना. शेवटी म्हणालो, "सकाळी सांगतो."

आतल्या खोलीत, तिला ठेवलं होतं त्या जागी बहिणीनं दिवा लावला होता. माझी धाकटी बहीण, शेजारच्या वस्तीवर दिलेली. तीच त्या रात्री थांबली. टीव्हीवर तिनं टॉवेल टाकला होता. सुतकाच्या घरात टीव्ही लावत नाहीत. सुपातल्या शेंगा कुणीतरी कोपऱ्यात सरकवल्या होत्या, अर्ध्या फोडलेल्या, अर्ध्या तशाच.

सकाळी उजाडायला मी उठलो. घर एवढं मोठं आहे हे मला आधी कधी कळलं नव्हतं. खाट, दिवा, टॉवेल घातलेला टीव्ही. बाहेर शेरडं ओरडत होती, त्यांना माझा आवाज नको होता. मी टॉवेल काढला आणि टीव्ही लावला.

बहीण धावत आली. "दादा, डोकं फिरलं का? माणसं भेटायला येतील. काय म्हंतील?"

"म्हणू देत."

"बंद कर रं."

"एक बघायचं हाय. मग करतो."

बातम्यांत इकडच्या विधानसभेच्या सभा चालल्या होत्या. मी उभाच होतो. बहीण दारात तोंडाला पदर लावून उभी. मग एकदाचा तो नकाशा आला. पाण्यातून वर काढल्यासारखा पंजा, आणि तो लाल होता. रात्रीतून कधीतरी झाला असणार. मी टीव्ही बंद केला, टॉवेल होता तसा घातला. दिव्यापुढं बसलो आणि म्हणालो, "लाल झालं गं. तू म्हणत हुतीस तसंच."

बहीण रडायला लागली. तिला वाटलं, मी भ्रमलो.

मग पोराला फोन लावला. तिथं आदल्या दिवसाची रात्र होती. एका घंटीत उचलला, म्हणजे हातातच धरून बसला होता.

म्हणालो, "ये."

"आबा?"

"तुझी आई जिंकली. ये."

"काय जिंकली?"

"मिशिगन. तुझं राज्य लाल झालं तर तू घरी येशील म्हणत हुती."

तो म्हणाला, "आबा, राज्य लाल झाल्याचा आन माझ्या येन्याचा काय संबंध न्हाई."

"मला म्हाईत हाय. तिला म्हाईत न्हवतं. ये."

"परत जाता आलं न्हाई तर?"

"तर हितं घर हाय. साळा बी हाय."

हे शब्द तिचे होते, बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. पलीकडं त्यानं नाक ओढलं. "तिकीट बघतो," म्हणाला. मी म्हणालो, "बघत बसू नको, काढ." "काढतो," म्हणाला, आणि फोन ठेवला.

मग मी स्वयंपाकघरात गेलो. पैज हरलो होतो. सगळे डबे एकसारखे. एकात हळद, एकात मोहरी, एकात तिनं दिवाळीच्या करंज्या झाकून ठेवलेल्या. चहापत्ती सापडेना. बहीण मागं येऊन म्हणाली, "दादा, सुतकात चूल पेटवत न्हाईत. माझ्या घरनं येतोय चहा."

"तुझा तू पी. ह्यो मला करायचा हाय. मी हरलोय."

कशात हरलो ते तिनं विचारलं नाही. खिडकीतल्या पितळी डब्याकडं बोट केलं.

गॅस पेटवला. पाणी किती, दूध किती, मला काही ठाऊक नाही. एकदा उतू गेला, शेगडी भरली. उरला तो दोन कपांत ओतला. तिला शुगर होती, ती किती वर्षं बिनसाखरेचा प्यायची, आणि माझ्या कपाकडं बघत प्यायची. तिच्या कपात मी दोन चमचे साखर घातली, वर अजून एक. दिव्याशेजारी ठेवला आणि समोर बसून माझा पिलो. पाणचट झाला होता.

तिचा गार होऊन वर साय धरली. भेटायला येणाऱ्या बायकांचा आवाज वाटेवर ऐकू यायला लागला, तेव्हा तोही मीच पिलो. लय गोड होता.