प्रीताच्या टेकडीवरचा बर्फ

पद्मिनी आणि प्रीता, दोघींची घरं अमेरिकेतल्या बॉथेल गावातच. मध्ये गाडीने दहा मिनिटांचा चढ. पण हिवाळ्यात प्रीताकडे बर्फ पडायचा आणि पद्मिनीकडे पाऊस. तीन वर्षांपूर्वी दूरच्या कॅरी शहरातून येऊन प्रीताने टेकडीवर घर घेतलं, तेव्हापासून हे पद्मिनीला सलत होतं.

बर्फ का पडतो हे निवृत्त डेंटिस्ट असलेल्या प्रीताला कुठे ठाऊक होतं? पद्मिनीने मात्र नागपूरहून येऊन सगळी नोकरी इथल्या रस्त्यांवरचं पावसाचं पाणी कुठून कसं न्यायचं, याचे आराखडे करण्यात घालवली होती. समुद्रावरचा वारा पश्चिमेच्या ऑलिंपिक डोंगरांना अडतो, दोन्ही बाजूंनी वळसा घालतो आणि पुष्कळदा नेमका यांच्याच भागात येऊन पुन्हा एकमेकांवर आदळतो. हवेला वर चढण्यावाचून वाट उरत नाही. वर गेली की ती गार होते, ढग भरतात. हिवाळ्यात त्या ढगातून दोघींच्याही घरांसाठी बर्फच निघतो. पण जमिनीलगतच्या उबदार हवेत तो वितळतो. प्रीताचं घर उंचावर, तिथे वितळायला सवडच मिळत नाही. पद्मिनीच्या अंगणात येईस्तोवर त्याचं पाणी झालेलं असतं.

म्हणजे यात प्रीताचं कर्तृत्व शून्य. तरी ती मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून लिहायची, ‘आमचं काश्मीर!’ आणि लोक खाली बदाम पाठवायचे. पद्मिनीने एकदा वाऱ्याचं सगळं शास्त्र तिथे लिहिलं, तर मंडळातल्या एकट्या गुरुनाथ काकांनी अंगठा पाठवला.

यंदा डिसेंबरात पद्मिनीचा मुलगा नील, जिथे बर्फ पडतच नाही त्या फ्रीमाँटहून, सात वर्षांच्या लेकीला, उर्वीला घेऊन आला. उर्वीने बर्फ पडताना कधीच पाहिला नव्हता. “तू ये तर खरी, माझ्या अंगणात दाखवते,” असं आजीने फोनवर कबूल केलं होतं. आठवडाभर नुसती भुरभुर. परत जायच्या दिवशी सकाळी पावसाने जोर धरला आणि प्रीताचा फोन आला.

“पद्मिनी, अगं, आमच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्यात! उर्वीला घेऊन ये. स्नोमॅनच्या नाकाला गाजर काढून ठेवलंय मी.”

“बघते,” म्हणून पद्मिनीने फोन ठेवला. गाजरसुद्धा काढून ठेवलंय! नात कोणाची?

“आई, चल ना वर,” नील म्हणाला. “संध्याकाळी फ्लाइट आहे यार.”

“थांब रे. असाच जोर राहिला ना, तर वितळता वितळता बर्फच खालची हवा गार करतो. इथेही पडेल.”

“आजी, इज इट स्नो नाऊ?” उर्वीने काचेला नाक लावून विचारलं.

“ऑलमोस्ट, राणी.”

अंगणातला थर्मामीटर उतरला, आणखी उतरला आणि अडून बसला. थेंब जरा जडावले. त्यात पांढरं काहीतरी चमकलं, गवताला टेकलं आणि नाहीसं झालं.

“दॅट्स जस्ट रेन,” उर्वी म्हणाली आणि सोफ्यावर जाऊन बसली.

“आई, तुला हिला बर्फ दाखवायचाय, की प्रीता मावशीला हरवायचंय?”

पद्मिनीने गाडीची किल्ली उचलली. “चल गं, कोट घाल. नील, तू बॅगा भर.”

चढ सुरू झाला. वायपर पाणी सारत होते. चर्चच्या वळणावर काचेवरचे थेंब पसरट झाले, मग मऊ, मग चक्क कापसासारखे. रस्त्याकडेचं गवत पांढरं दिसू लागलं. प्रीताचं घर अजून दोन वळणं वर होतं. पद्मिनीने गाडी चर्चच्या पार्किंगमध्ये घातली आणि थांबवली.

“आर वी देअर?”

“हो. उतर.”

उर्वी जीभ बाहेर काढून गोल गोल फिरू लागली. तेवढ्यात फोन वाजला.

“कुठे पोचलात?” प्रीता विचारत होती. “सूप गार होतंय माझं.”

“अगं, रस्ता किती निसरडा आहे! हळूहळू येतोय,” पद्मिनी म्हणाली आणि केसांवरचा बर्फ झटकला.

“आजी, इज दिस प्रीता आजीज स्नो?”

“नाही गं. हा माझा.”

प्रीताच्या अंगणातला याच्या तिप्पट असणार, हे पद्मिनीला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच उर्वी दमून ‘पुरे’ म्हणेपर्यंत ती गाडी सुरू करणार नव्हती. तिने मूठभर बर्फ उचलला, दाबून गोळा केला आणि नातीच्या पाठीवर नेम धरला.