शेपटीचं अक्षर

डोंगरातल्या मेइगू या छोट्या शहरात, बाजाररस्त्यावर वुगामोचं छपाईचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पाट्या, सरकारी सूचना, सगळं ती तिथल्या यी लोकांच्या लिपीत जुळवून द्यायची. संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरायचे, मान आखडायची. त्यात वडिलांनी आणखी एक काम गळ्यात घातलं.

तिचा बाप लाहा म्हातारा बिमो होता, म्हणजे यी लोकांचा पुरोहित. कुणी मेलं की आत्म्याला पूर्वजांपर्यंत पोचवणारी पोथी तो म्हणायचा. शेकोटीच्या धुरानं ती पोथी काळी पडली होती.

"मशीनमध्ये उतरव पोरी. मोठ्या अक्षरांत. मला आता दिसत नाही."

सगळी अक्षरं मिळाली, एक सोडून. आत्म्याच्या वाटेवर नदी ओलांडायचा एक उतार लागतो, त्याच्या नावातलं ते अक्षर. त्यांच्या चुबी घराण्यात त्याला खाली शेपटी काढायचे. संगणकात प्रत्येक अक्षराला आपापला क्रमांक असतो. बिनशेपटीच्याला होता, शेपटीवाल्याला नव्हता.

"अदा," ती बापाला म्हणाली, "साधंच घालू ना. बापाचं एवढं तरी ऐकावं म्हणता, तसं लेकीचंही ऐका कधी. उच्चार तोच आहे."

"तुझ्या मशीनला शेपटी जड होते म्हणून मी मेलेल्यांना दुसऱ्याच उतारावर सोडू?"

वुगामोनं लिपीचं काम बघणाऱ्या कचेरीला कळवलं. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं, हे वेगळं अक्षर नाही, नुसतं हाताचं वळण आहे, निराळा क्रमांक मिळणार नाही. तिला भांडायचंही त्राण नव्हतं. तिनं स्वतःच ते अक्षर रेखलं आणि कुणाच्या नावावर नसलेल्या एका रिकाम्या क्रमांकावर बसवलं. तिच्या पडद्यावर ते छान दिसलं. एवढी जाड पोथी दुकानातल्या मशीनवर निघणार नव्हती, म्हणून तिनं ती शिचांग शहरातल्या मोठ्या छापखान्याकडे पाठवली.

गठ्ठा आला तेव्हा तिनं आधी उताराचं पान उघडलं. त्या क्रमांकावर काय आहे हे तिकडच्या मशीनला ठाऊक नव्हतं. शेपटीवाल्या अक्षराच्या प्रत्येक जागी रिकामा चौकोन छापला होता.

गठ्ठा घेऊन ती गावी गेली. लाहानं पान डोळ्यांजवळ नेलं.

"ही खोकी कसली?"

"तुमचं अक्षर, अदा. आता माझ्यानं काही होणार नाही."

 त्यानं बांबूची लेखणी शाईत बुडवली, पण चौकोन नेमका दिसेना, शाई पानाबाहेर गेली. मग लेखणी तिच्यापुढे धरली. घराण्यात कुठल्याही मुलीनं ती आजवर धरली नव्हती.

"मी? काका लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्यांच्यातल्या एकाला तरी लिहिता येतं का?"

या क्षणी ऊर भरून यावा असं तिला वाटलं. पण आधी मनगटच दुखलं. एकेका चौकोनात ती शेपटी काढत गेली, आणि म्हातारा वाळायला पानं पसरत गेला.

त्या हिवाळ्यात गावात एक म्हातारी वारली. लाहा छापील पोथी घेऊन बसला. एक काका पुटपुटला, मग बटाटे भाजायला निघून गेला. बाहेर बायकांमध्ये वुगामो बसली होती. वडिलांचा आवाज कुठेही न अडखळता उतार ओलांडून पुढे गेला तेव्हा तिला ते कळलंही नाही. भिंतीला टेकून ती केव्हाच झोपली होती.