नाताळानंतरची ढोलकी

प्रार्थनेला मी डोळे घट्ट मिटतो आणि एकदा मिटले की लवकर उघडत नाही, ही माझी खोड सगळ्या गावाला ठाऊक. नाताळानंतरच्या पहिल्या रविवारी मी असाच उभा राहिलो. समोर काहीतरी सळसळलं. वाटलं, मंडळी येताहेत. उशिरा आलेल्यांचीही सोय व्हावी म्हणून मी प्रार्थना चांगली लांबवली. कुणाच्या बैलासाठी, कुणाच्या सुनेच्या बाळंतपणासाठी, एकेका घरासाठी मागून झालं. 'आमेन' म्हणून डोळे उघडले तर पुढ्यात दोन शेळ्या! नाताळाची झेंडूची तोरणं खात होत्या. बायको कोपऱ्यात तोंडाला पदर लावून बसली होती. हसत होती की रडत, ते काही कळलं नाही.

केदारखेड्याच्या वाटेवरच्या आमच्या खेड्यात देऊळ म्हणजे कुडाच्या भिंतींची, गवतानं शाकारलेली एक खोली. मी तिथला मास्तर. आठवडाभर पोरांना शिकवायचं आणि रविवारी मोठ्यांना. नाताळाला तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. भजनं रंगली ती माझ्या सोबत्याच्या हातामुळं. ढोलकी देवळाची, पण वाजवावी त्यानंच. आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच ओढ्यात बाप्तिस्मा घेतला होता. मी शेवाळावर घसरलो तेव्हा त्यानंच माझा दंड धरला, नाहीतर माझा बाप्तिस्मा पाद्रीसाहेबांनी हात लावण्याआधीच उरकला असता.

त्या नाताळाला पाद्रीसाहेब जालन्याला परतताना म्हणाले, "सणाला गर्दी सगळीकडंच होते, मास्तर. ज्वारीच्या दिवसांत माणसं जमली तर हे देऊळ राहील. नाही जमली तर तुम्हाला दुसरं गाव बघावं लागेल."

सोबती ढोलकी छातीशी धरून सगळ्यांदेखत म्हणाला, "साहेब, बिलकुल फिकर करू नका. दर रविवारी ही वाजंल. मी हाय ना."

मला भरून आलं. देवावर तरी माझा तेव्हा एवढा विश्वास होता की नाही, शंकाच आहे.

शेळ्या हाकलल्यावर पाहिलं, तर खुंटीवर ढोलकी नव्हती. बाहेर आलो आणि पाटलाच्या शेताकडून तिचा आवाज ऐकू आला. डाव्या पुडीचा तो भसाडा बोल मी झोपेतही ओळखला असता.

पाटलानं तहसीलदाराला हुरड्याला बोलावलं होतं. आगटीभोवती पाहुणे बसलेले आणि आमची सगळी मंडळी कणसं भाजून, चोळून त्यांच्यापुढं ठेवत होती. सोबती मधोमध वाजवत होता. चाल आमच्या नाताळाच्या भजनाची, शब्द तहसीलदाराच्या कौतुकाचे.

मला पाहून एका म्हातारीच्या हातातलं कणीस पडलं. "अगं बया! मास्तर, तुमी तर जालन्याला गेल्ते ना?"

"कोण म्हणालं?"

तिनं ढोलकीकडं बोट केलं. "ह्यानंच सांगितलं. आज उपासना न्हाई, मास्तर गावात न्हाईत, मंग चला म्हणला हुरड्याला."

पाटलाचा निरोप मोडता येत नाही, हे मलाही कळतं. आमच्या लोकांची चूल त्याच्याच शेतावर पेटायची. मला येऊन सांगितलं असतं तर उपासना संध्याकाळी ठेवली असती. पण खोटं? आणि तेही माझ्या नावावर?

सोबत्याला बांधाशी घेतलं. "खरं का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू चिडला नसतास," तो मातीकडं बघत म्हणाला. "माझ्यासाठी प्रार्थना करत बसला असतास. ते न्हाई सोसत मला."

"आन् पुढच्या रविवारी?"

"पाटील म्हणले, सुगी होईस्तोवर रविवार बी कामाचाच."

"तू काय म्हणालास?"

"म्हणलो, माणसं मी आणतो. मी हाय ना."

तेच शब्द! मंदिरातल्या व्यापाऱ्यांचे चौरंग प्रभूनं उलथले, तसं काहीतरी करावं म्हणून मी मुठी वळल्या. तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातात गरम हुरडा आणि वर लसणाची चटणी ठेवली. मी तो खाल्ला. वर 'गोड आहे' असंही म्हणालो आणि घरी आलो.

घरात पाऊल टाकल्यावर मात्र जिभेला धार आली. "यहूदानं प्रभूला विकताना निदान चांदी तरी घेतली. ह्यानं मला हुरड्यावर विकलं! पाद्रीसाहेबांना कळवतो, द्या दुसरं गाव. इथं नाताळ संपला की देव बी संपतो."

बायको ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला बी राग हाय त्याचा. माफ करा असं मी म्हणत न्हाई. पण त्याची बायको रोज पहाटं माझ्यासंगं दळायला बसती. नाताळापासून आम्ही दोघी जात्यावर येशूच्या जन्माचंच गाणं म्हणून राह्यलो. आता शेजारणी बी येऊन बसत्यात. तुम्हाला कुठून ऐकू येणार, तुम्ही घोरत असता. जायचं असंल तर जा तुम्ही दुसऱ्या गावाला. मी तिला उद्या ये म्हणलंय."