निवटी पुस्तकात होती

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. वासंतीला सांगायला तर मला पंचवीस वर्षं होती. गेल्या महिन्यात ती गेली — आणि आता मी तुम्हाला सांगायला बसले आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ठाण्यातल्या एका लहानशा कंपनीत आम्ही दोघी कॉम्प्युटर गेममधले प्राणी बनवायचो. एका परदेशी गिऱ्हाईकाला खाडी हवी होती — तिवरं, चिखल, पक्षी, मासे, सगळं खऱ्यासारखं. वासंती कोळीवाड्यातली. तिचा बगळा पाऊल टाकण्याआधी थबकायचा. मी डोंबिवलीची, पुस्तकांत वाढलेली. माझा कुत्रा पाहून साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हे काय, टेबलाला शेपूट लावलंय?" सगळे हसले. वासंतीही हसली. इतरांचं हसणं मी विसरले. तिचं का नाही विसरले?

प्राणी पुस्तकाशी ताडून पाहायचं कामही माझ्याकडेच होतं. मी 'बरोबर' म्हटल्याशिवाय तो गेममध्ये जात नसे.

मग वासंतीनं निवटी केली. बोटाएवढा मासा — ओहोटीला चिखलावर येतो, परांवर सरपटतो, उड्या मारतो. मी ती पाहिली होती. वासंतीनंच मला खाडीवर नेलं होतं. "लांबून काय बघतेस गो? उतर! डोळे बघ तिचे, बेडकासारखे." माझी चप्पल चिखलात रुतली, तेव्हा कोपरापर्यंत हात घालून तिनंच ती काढून दिली.

साहेब पडद्याकडे बघत राहिले. "मासा जमिनीवर चालतोय? चुकलंय हे."

"चुकलं नाय, साहेब. ओहोटीला चला, दाखवते."

"गिऱ्हाईक येणार आहे का तुझ्या खाडीवर? पुस्तकात दाखव."

सगळे माझ्याकडे वळले. वासंती तर हसतच वळली — मी आहे म्हणून निश्चिंत.

पुस्तक माझ्या खणात होतं. निवटीच्या फोटोपाशी मी बसचं तिकीट खूण म्हणून ठेवलं होतं. खण उघडायला कितीसा वेळ लागला असता?

मी म्हणाले, "मला कुठे सापडली नाही."

"मग पाण्यात ढकल तिला, माशासारखी पोहू दे," साहेब म्हणाले. वासंतीनं नकार दिला. वाद वाढला, आणि त्याच आठवड्यात साहेबांनी तिला कामावरून काढलं. मग निवटी पाण्यात ढकलली ती मी — माझ्या हातांनी. चिखल रिकामा राहिला. 'बरोबर' असं मीच लिहिलं. पुस्तक ग्रंथालयात परत केलं. तिकीट आधी काढून घेतलं.

वासंतीनं पुन्हा कॉम्प्युटरला हात लावला नाही. मेंदीचे क्लास घ्यायची. भेटली की विचारायची, "काय गो, गावली का कुठल्या पुस्तकात?" टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटायचं, मी अजून शोधते आहे. ज्याला त्याला सांगायची — ही माझ्यासाठी किती पुस्तकं पालथी घालते!

गेल्या महिन्यात इस्पितळातही तिनं तेच विचारलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. तिचा हात माझ्या हातात होता — चिखलात घातलेला तोच हात.

मी म्हणाले, "नाही गं."

एकशे बाराव्या पानावर होती. डावीकडे, वरच्या कोपऱ्यात.